शुक्रवारचा वाटा

दोन हजार दहा सालचा ऑक्टोबर. त्या महिन्यात अलेक्झांड्रियात टोमॅटो किलोला दहा पौंडांवर गेले होते आणि भाजीवाले गाड्यांवरून ओरडत फिरत होते, "वेडी झाली, टमाटी वेडी झाली!" माझ्या लक्षात तारखा राहत नाहीत, भाव राहतात. त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याचं, रिफ्अतचं, पोट कापून लहान केलं आणि चौथ्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं.

घरी आणलं म्हणायला सोपं. बाकूसमधलं आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि रिफ्अतचं वजन एकशे बासष्ट किलो. खालून हाक गेली तशी शेजाऱ्यांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक खुर्ची आणून ठेवली. तो सात पायऱ्या चढायचा, बसायचा, घाम पुसायचा. आमचा जावई हुसाम मागून त्याच्या पाठीला हात लावून उभा.

"हुसाम, बाळा, बाजूला हो," रिफ्अत म्हणाला. "मी घसरलो तर माझी पोरगी विधवा होईल."

"काका, बोलू नका ना. दम लागतोय तुम्हाला."

पहिल्या मजल्यावरची उम्म लुत्फी, म्हणजे लुत्फीची आई, दारात उभी होती. "अल्लाची कृपा, सुखरूप आलास! काय रे, पोट कुठे ठेवून आलास?"

"हॉस्पिटलात राहिलं. डॉक्टर म्हणाला, न्यायला परत येऊ नका."

सगळा जिना हसला. रिफ्अतचं हे असंच होतं. लोक आपल्याला हसणार असं दिसलं की तो आधी स्वतःच हसवून घ्यायचा. पण शेवटच्या खुर्चीवर बसला तेव्हा त्याने माझा हात धरला, तो थंडगार होता.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो काडीसारखा होता, हे आता सांगितलं तर नातवंडं विश्वास ठेवत नाहीत. मी इब्राहिमियाला शिवणाच्या क्लासला जायची. रम्लच्या निळ्या ट्राममध्ये हा कंडक्टर. हातात तिकिटांची लाकडी पाटी, कानावर पेन्सिल. गर्दीतून पुढे सरकताना पेन्सिलीने पाटीवर दोनदा टकटक करायचा, "तिकीट, तिकीट." माझ्यापाशी आला की टकटक तीनदा व्हायची. महिनाभर मला वाटलं, माझा भास असेल. मग माझी मैत्रीण म्हणाली, "इनायात, हा तुझ्यासाठी एक टकटक जास्त वाजवतो गं," आणि मी इतकी लाजले की एक स्टेशन आधीच उतरले.

लग्न झालं, नशवा झाली आणि रिफ्अत रुंद होत गेला. मी शिवणारी बाई. त्याच्या गणवेशाच्या पँटी मी दर दोन वर्षांनी उसवून सैल करायची. शिवणीतलं कापड संपलं की मागे त्रिकोणी तुकडा लावायची, पुढे त्या तुकड्याला आणखी एक. डब्यातून तो आडवा होऊन चालायला लागला. एकदा उन्हाळ्यात, सीदी गाबिरच्या स्टेशनात, डब्यातला बाक आणि खांब यांच्या मध्ये तो अडकला. मागे कॉलेजच्या मुली, पुढे भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका. कुणीतरी ओरडलं, "काकांची दोन तिकिटं फाडा!" सगळ्यात मोठ्याने रिफ्अतच हसला. घरी येऊन मला ही गोष्ट नक्कल करून सांगितली आणि दुसऱ्या दिवशी साहेबाकडे जाऊन डेपोतली खिडकी मागून घेतली. पुन्हा ट्राममध्ये चढला नाही. खिडकीत बसून दिवसभर पास विकायचा आणि खायचा. मग साखर आली, गुडघे गेले, झोपेत श्वास थांबायला लागला. शेवटी डॉक्टर मगदी म्हणाले, "रिफ्अतसाहेब, एक तर पोट कापू, नाहीतर दोन वर्षांत माती."

आणि त्याला खाऊ कोण घालत होतं? मीच. हे मी कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्याकडे बाईला दुसरं बोलायला शिकवतच नाहीत. राग आला तर भातात तूप कमी, माया आली तर जास्त. एवढीच आमची भाषा.

हॉस्पिटलातून निघताना नर्सने माझ्या हातात प्लास्टिकचा एक पेला ठेवला होता. औषधाच्या बाटलीवर असतो तेवढा.

"दोन आठवडे फक्त पातळ," ती म्हणाली. "पाणी, बडीशेपेचं पाणी, गाळलेलं सूप. एका वेळी हा एक पेला. तोही घोटभर-घोटभर, दहा-पंधरा मिनिटं लावून. दिवसभरात पन्नास झाले पाहिजेत."

"पन्नास?" मी म्हणाले. "पण एवढासा पेला तो! मांजरसुद्धा—"

"खाला, त्यांचं पोट आता केळ्याएवढं आहे. घाईने प्याले तर टाके उसवतील. कमी प्याले तर किडनी जाईल. जेवणाचं विसरा. पाण्याकडे बघा."

पहिले दोन दिवस आमचं पन्नासपर्यंत कधी गेलं नाही. मी मोजायला विसरायची, तो प्यायला विसरायचा. विसरायचा असं तो म्हणायचा. खरं तर प्रत्येक घोटाला छातीत मुठीएवढा गोळा अडकायचा आणि त्याला भीती वाटायची. एवढा मोठा माणूस पाण्याच्या पेल्याकडे विंचू बघावा तसा बघत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, "किती झाले गं?"

"आठ."

"आठ?" तो छताकडे बघत म्हणाला. "म्हणजे ट्राम अजून इब्राहिमियालाच?"

 मी उठले, कपाटावरून ती जुनी लाकडी पाटी काढली, ओढणीने धूळ पुसली आणि पेन्सिलीने टकटक केलं. "चला, पुढचं स्टेशन आलं, स्पोर्टिंग! बसून काय राहिलात, तिकीट दाखवा!"

तो हसला आणि टाके दुखले म्हणून कळवळला. पण पेला घेतला.

त्या दिवसापासून एक पेला म्हणजे एक स्टेशन. रम्लहून निघायचं, शातबी, कॅम्प सीझर, क्लिओपात्रा, सीदी गाबिर, बुल्कली, आमचं बाकूस, तिथून पुढे व्हिक्टोरिया. जाऊन-येऊन पन्नासच्या घरात पेले होत. पाण्याची स्टेशनं, बडीशेपेची स्टेशनं, आणि सान स्तेफानोला, श्रीमंतांची वस्ती म्हणून, कोंबडीचं गाळलेलं सूप. तो भिंतीला उशी लावून बसायचा आणि मला शिकवायचा.

"अशी नाही वाजवायची. मनगट सैल सोड. तू तर दार ठोठावतेस, जसं काही भाडं मागायला आलीस."

"मला कुठे सरकारने नेमलंय!"

"म्हणून तर. फुकटचा कंडक्टर असाच असतो."

सहाव्या दिवशी त्याची थोरली बहीण आली. हाज्जा बहिया. वडील लवकर गेले, आई शेतात राबायची, तेव्हा रिफ्अतला हिनेच वाढवलं. दमनहूरहून सकाळच्या गाडीने आली होती. डोक्यावर टोपली, टोपलीत कापडाखाली सहा भरलेली कबुतरं, अजून कोमट. आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला आणि नव्या नवरदेवाला कबुतर देतात. त्याने अंगात रक्त भरतं म्हणतात.

मी दारातच टोपली धरली. "हाज्जा, तुझे उपकार. पण त्याला अजून चालत नाही."

"काय चालत नाही?"

"पाण्याशिवाय काहीच नाही. डॉक्टरने—"

"डॉक्टर!" ती आत आली, त्याला बघून थबकली. सहा दिवसांत त्याचा चेहरा ओघळला होता. "अरे देवा. तुझं तोंड बघ. इनायात, माझ्या भावाला उपाशी मारायला काढलंस?"

"हाज्जा, एक घास गेला तरी टाके—"

"कबुतराने कुणी मेलंय का आजवर? तुझ्या त्या डॉक्टरच्या आईने त्याला काय वाटीभर पाण्यावर वाढवला?" तिने कबुतराची मांडी मोडलीसुद्धा. तांबूस गहू बाहेर सांडला, त्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. रिफ्अतने डोळे मिटले.

मी मध्ये उभी राहिले. तिचं मनगट धरलं. लग्नाच्या बत्तीस वर्षांत मी तिच्या अंगाला हात लावला नव्हता, हाताचं चुंबन घ्यायचं सोडून.

"नाही, हाज्जा."

तिने मनगट सोडवून घेतलं. मग मांडी टोपलीत टाकून, ओढणी सावरून म्हणाली, "ठीक आहे. घर तुझं, माणूस तुझा. पण माझ्यावर हात टाकलास, हे लक्षात ठेवीन." जेवायलासुद्धा थांबली नाही. ती सहा कबुतरं मी शेजारी वाटली. एकही आम्ही खाल्लं नाही.

आता शुक्रवारबद्दल सांगायला हवं.

शुक्रवारी आमच्या घरी मांस. नमाज झाली की नशवा आणि हुसाम यायचे, मग सगळे मिळून जेवायचे. आमच्या घरांत मांसाची परात मध्ये ठेवून ज्याने त्याने उचलायचं नसतं. घरची बाई हाताने एकेकाचा वाटा काढते. पहिला वाटा घरच्या पुरुषाचा, सगळ्यात मोठा, नळीच्या हाडासकट. तो बाहेर असेल तर झाकून ठेवायचा. रिफ्अत शुक्रवारी ड्युटीवर असला आणि रात्री दहाला आला तरी त्याचं ताट झाकलेलं असायचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. लहानपणी नशवाने एकदा त्यातली चरबी खाल्ली तर मी तिला बडवलं होतं.

ऑपरेशननंतरचा दुसरा शुक्रवार. नशवा म्हणाली, "आई, या आठवड्यात राहू दे ना मांस. बाबांना वास कसा सोसवेल?"

रिफ्अतने आतून ऐकलं. "माझ्यामुळे कुणी उपाशी नको. मी पण बसणार पंगतीला. पेला घेऊन."

त्याला आम्ही नेहमीच्या जागी बसवलं. समोर रिकामं ताट, त्यात तो एवढासा पेला. मी मुलुखियाची पातळ पालेभाजी केली होती, भात, आणि पातेलंभर मांस. मी बाह्या सरसावल्या, सवयीने हात पातेल्यात गेला, सवयीने सगळ्यात मोठा तुकडा आणि नळी हाताशी आली. मी उचलली. आणि हात मध्येच थांबला.

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. त्यातून भाताच्या परातीवर रस ठिबकत होता.

हे मी आज सांगू शकते, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं. त्या क्षणी माझ्या मनात नुसती दया नव्हती, रागही होता. बत्तीस वर्षं मी या माणसाला माझ्या हाताने भरवलं आणि त्याने जाऊन ते पोटच कापून टाकलं. माझं सगळं बोलणंच त्याने कापून टाकलं असं मला वाटत होतं. तो पेला भरताना मी हसायची, पाटी वाजवायची, पण आत कुठेतरी ते ठणकत होतं.

माझा हात वळला आणि तो तुकडा, हाडासकट, मी हुसामच्या ताटात ठेवला.

"तू खा," मी म्हणाले. "काकांच्या ऐवजी."

हुसामचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. परत करावं तर माझा अपमान, खावं तर सासऱ्यासमोर कसं? तो मान खाली घालून खायला लागला. नशवा उगाच भाकरीचे तुकडे करत बसली.

रिफ्अत म्हणाला, "खा बाळा, अंगी लागू दे." एवढंच. मग टेबलाला धरून उठला, आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पेला ताटात तसाच राहिला, भरलेला.

संध्याकाळी मी पाटी वाजवली. "सीदी गाबिर!"

"ट्राम डेपोत गेली," तो म्हणाला.

"अरे, अजून वीस पेले—"

"गेली म्हटलं ना."

शनिवारी दिवसभरात नऊ पेले. तेही मी रडवेली झाले म्हणून. उलटी नाही, ताप नाही, पोट दुखत नव्हतं. नुसता प्यायचा नाही. "भरलंय," म्हणायचा. रविवारी सकाळी त्याचे ओठ पांढरे पडून सोलले होते, लघवी काळ्या चहासारखी झाली. उठून बसवलं तर डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाला. मी डॉक्टर मगदींना फोन केला.

"आज संध्याकाळपर्यंत वाट बघा," ते म्हणाले. "तोवर पाणी सुरू झालं नाही तर घेऊन या, सलाईन लावू. पण खाला, सलाईन आज लावता येईल, उद्या लावता येईल. माणसाने प्यायचंच नाही ठरवलं तर मी काय करू? काय झालं घरात?"

"काही नाही," मी म्हणाले. आणि मला खरंच काही माहीत नव्हतं.

शेवटी मी दमनहूरला फोन लावला. अभिमान गिळायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तीनदा आकडे फिरवून तीनदा ठेवला.

"कोण? इनायात?" हाज्जा बहियाचा आवाज कोरडा होता. "मनगट दुखतंय अजून माझं."

"हाज्जा, तो पाणी पीत नाही. दोन दिवस झाले. तुझं ऐकेल तो. ये."

 "कधीपासून?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. पंगत, मांस, हुसाम. सांगताना मला ती गोष्ट फार मोठी वाटली नाही. पलीकडून मात्र श्वास ओढल्याचा आवाज आला.

"तू त्याचा वाटा दिलास? त्याच्यासमोर?"

"त्याला चालत नाही ना, हाज्जा, म्हणून—"

"अगं बाई, वाटा कधी दुसऱ्याच्या ताटात जातो? तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. कुणाला माहीत नसतं? माणूस मेला की पुढच्या शुक्रवारी.

"आमचे वडील गेले तेव्हा रिफ्अत बारा वर्षांचा," ती सांगू लागली. आता ती माझ्याशी बोलतच नव्हती जणू. "पहिल्या शुक्रवारी आईने वडिलांचा वाटा उचलला आणि त्याच्या ताटात ठेवला. म्हणाली, आता घरचा पुरुष तू. पोर नुसतं बघत बसलं. तीन दिवस अन्नाला शिवला नाही. मी रानात नेऊन विचारलं, तर म्हणाला, ताई, तो वाटा मी खाल्ला तर बाबा परत यायचे नाहीत. मग मीच त्याला भरवलं. रागावून, रडून, एकेक घास कोंबून. त्यानंतर त्याने कधी वाटा उरवला नाही. पोट भरलेलं असो, आजारी असो. हाडातली मज्जासुद्धा. मला वाटायचं, पोराला भूक फार. भूक नव्हती ती, इनायात."

मी फोन ठेवला. बत्तीस वर्षं मी त्याला वाढत होते आणि मला वाटत होतं, माझ्या हाताची चव आहे.

रविवार होता. आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची, रविवारी कोण मांस आणतं? मी बाजारात गेले. खाटीक म्हणाला, "उम्म नशवा, आज? पाहुणे आलेत का?" मी म्हणाले, "हो, नळीचा तुकडा मोठा दे." नशवाला आणि हुसामला कामावरून सरळ इकडेच बोलावलं. दुपारी तीनच्या सुमारास हाज्जा बहियाही आली. या वेळी टोपली नव्हती.

रिफ्अतला मी उठवलं. "चल, जेवायला."

"इनायात, नको. मला तिथे बसवू नकोस."

"मी कधी काही मागते का तुझ्याकडे? आज मागते."

हुसामने आणि नशवाने धरून त्याला त्याच्या जागी बसवलं. त्याने बहिणीला बघितलं. मी बाह्या सरसावल्या. हात पातेल्यात घातला, सगळ्यात मोठा तुकडा, नळीसकट, बाहेर काढला, आणि त्याच्या ताटात ठेवला. पेल्याशेजारी.

नशवा म्हणाली, "आई! अगं—"

"गप्प बस," हाज्जा बहिया म्हणाली.

रिफ्अत ताटाकडे बघत होता. "डॉक्टरने सांगितलंय—"

"खायला कोण सांगतंय तुला?" मी म्हणाले. "तुझा वाटा आहे. तुझ्यासमोर राहील. दर शुक्रवारी राहील. पुढे त्याचं काय करायचं ते तू बघ, मी सांगणार नाही."

 खालच्या गल्लीतून भाजीवाल्याचा आवाज येत होता, टमाटी अजून वेडीच होती. मग रिफ्अतने हात पुढे केला.  नळी उचलली, ताटावर आपटली, मज्जा भाकरीच्या तुकड्यावर पडली. तो तुकडा त्याने हुसामच्या ताटात ठेवला.

"हे घे. परवा तुला घशाखाली उतरलं नसेल."

हुसाम रडायला लागला. तिशीतला माणूस, बँकेत कामाला, मान खाली घालून रडत होता आणि खात होता. रिफ्अतने मांस बोटांनी सोडवलं. एक भाग नशवाला, एक बहिणीला. बहियाला देताना म्हणाला, "कबुतरांपेक्षा चांगलं आहे का बघ." ती म्हणाली, "मीठ कमी आहे. तुझ्या बायकोचा हात आखडता आहे, मी लग्नातच सांगितलं होतं." शेवटचा तुकडा त्याने माझ्या तोंडाजवळ आणला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी भरवलं नव्हतं. आमच्यात तशी पद्धतच नव्हती. तुकडा गरम होता आणि त्याच्या बोटांना ताप असल्यासारखी कोरड होती.

त्याचं ताट रिकामं झालं. त्याने ते एकदा नीट बघितलं.

"काय गं," तो म्हणाला, "ट्राम अशी मध्येच का उभी आहे?"

मी पाटी आणायला उठले. हात खरकटे होते, पेन्सिल निसटत होती. तीनदा टकटक केलं.

"सीदी गाबिर," मी म्हणाले.

त्याने पेला उचलला.

संध्याकाळी हॉस्पिटलात जावं लागलं नाही. त्या दिवशी ट्राम व्हिक्टोरियाला पोचली नाही, पण बाकूसपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी पूर्ण फेरी झाली.

पुढे दोन वर्षांत त्याचं वजन अठ्ठ्याहत्तर किलोंनी उतरलं. मी सगळे त्रिकोणी तुकडे एकेक करून उसवले आणि पँटी आत घेतल्या. शेवटी मूळची शिवण पुन्हा सापडली. ऑपरेशननंतरच्या जानेवारीत सरकारविरुद्ध सगळं शहर रस्त्यावर उतरलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या गडबडीत ट्रामचे बरेच लोक कामावर येईनासे झाले, तेव्हा रिफ्अतने खिडकी सोडून पुन्हा पाटी मागून घेतली. निवृत्त होईपर्यंतची दोन वर्षं तो ट्राममध्ये होता, आणि सरळ चालायचा. मी कधीकधी उगाच बुल्कलीपर्यंत जाऊन यायची.

डॉक्टर मगदी आखातात गेले, तिकडेच आहेत म्हणे. उम्म लुत्फी करोनात गेली. हाज्जा बहिया तिच्या आधी दोन वर्षं, दमनहूरला, स्वतःच्या अंगणात. शेवटपर्यंत ती लोकांना आपलं मनगट दाखवून सांगायची, माझी भावजय पैलवान आहे. हुसामचे केस गेले, बँकेत साहेब झाला. शुक्रवारी तो अजून ताटाकडे एकदा बघितल्याशिवाय पहिला घास घेत नाही.

रिफ्अत दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये गेला, एका मंगळवारी, खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय बंद पडून. आठ वर्षांहून जास्त त्याचा वाटा दर शुक्रवारी त्याच्यासमोर राहिला आणि दर शुक्रवारी त्याने तो हाताने वाटला. त्यातलं स्वतः दोन घास खायचा. तो गेल्यावरच्या शुक्रवारी मी मांस केलं नाही. त्या घरात पुन्हा केलंच नाही.

आता मी नशवाकडे असते. मला चौऱ्याहत्तरावं लागलं, खालचे दात नाहीत, मांस चावत नाही. मी आले त्या पहिल्या शुक्रवारी पोरीने बाह्या सरसावल्या, पातेल्यात हात घातला आणि पहिला वाटा, सगळ्यात मोठा, नळीसकट, माझ्या ताटात ठेवला. बारीक करून आणू का, असं विचारलं नाही. सूप देऊ का, असंही नाही. आपल्या ताटाशी जाऊन बसली.

नातवंडं वाट बघत होती. मी नळी हातात घेतली. अजून गरम होती.